अजिन: जो मरतच नाही त्याला हरवायचं तरी कसं?

न मरणाऱ्या माणसाची ॲक्शन स्टोरी लिहिणं हे फार अवघड काम आहे. फायटिंग बघताना आपला जीव टांगणीला लागतो तो "आता हा मरतो की काय" म्हणून, आणि जो मरणारच नाही त्याच्यावर एक गोळी झाडली काय आणि शंभर झाडल्या काय, आपल्याला काहीच वाटत नाही. बहुतेक ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन सिरीज, यातून सोपी वाट काढतात. एकतर न मरणाऱ्यांच्या अंगात कुठेतरी एक कच्ची जागा ठेवायची, म्हणजे २०१६ च्या काबानेरी या सिरीजमध्ये चालत्या मढ्यांचं हृदय लोखंडी आवरणात असतं आणि ते फोडलं की खेळ खल्लास. नाहीतर मग न मरणाऱ्याला इतका ताकदवान करायचा की हरण्याचा प्रश्नच नको, हेलसिंग सिरीजमधल्या आलुकार्ड या व्हॅम्पायरसारखा, आपण फक्त त्याचा थाट बघत बसायचं. दोन्ही मला आवडतात. पण अजिन या ॲनिमेने यातलं काहीच केलेलं नाही आणि म्हणूनच अनडेड लोकांवरच्या ॲक्शन सिरीजमध्ये ती माझ्यासाठी सगळ्यात वरची आहे. यातली माणसं खरोखरच मरत नाहीत, कच्ची जागा कुठेच नाही, चांदीची गोळी नाही, मंत्र नाही, काही नाही. आणि तरीही प्रत्येक फाईट बघताना घाम फुटतो.

हे जमलंय ते नियमांमुळे. अजिनचे नियम कडक आहेत, फार थोडे आहेत आणि एकदा ठरवलेला नियम सिरीज मोडत नाही. अडचण एवढीच की हे नियम कुणी एका जागी बसून सांगत नाही, एक इथे कळतो, दुसरा चार एपिसोडनंतर कळतो, तिसरा कुणीतरी पळता पळता बोलून जातो, आणि मग कितीतरी जण अर्ध्यात सोडून देतात की हे नक्की काय चाललंय काही कळत नाही बुवा. म्हणून सगळं नीट उलगडून लिहितो. मधे दोन मोठ्या सीन्सबद्दल बोलावं लागणारे, तिथे आधी सांगेन.

आधी थोडक्यात माहिती. मूळ मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, गामोन साकुराई यांचा, कोदान्शा या प्रकाशकाच्या मासिकात २०१२ ला सुरू झाला. सुरुवातीची कथा त्सुइना मिउरा यांनी लिहिलेली, नंतर साकुराईंनी लिखाण आणि चित्रं दोन्ही एकट्याने ओढून नेलं आणि २०२१ मध्ये १७ खंडांवर संपवलं. ॲनिमे पॉलिगॉन पिक्चर्सचा, पहिला सीझन जानेवारी २०१६, दुसरा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, प्रत्येकी १३ एपिसोड. जपानच्या बाहेर नेटफ्लिक्सने दाखवला.

आता ते जग. स्टोरी सुरू होते त्याच्या १७ वर्षं आधी आफ्रिकेतल्या एका युद्धात एक सैनिक सापडतो जो मेला तरी परत उठतो. लोक त्याला देवाचा सैनिक म्हणायला लागतात. नंतर असे आणखी सापडत जातात, आणि स्टोरी सुरू होताना जगभरात ४६ जणांची नोंद आहे, त्यातले जपानमध्ये दोनच. यांना म्हणायचं अजिन. आता सगळ्यात महत्त्वाचं, अजिन ओळखायची कुठलीही टेस्ट नाही. दिसायला तुमच्याआमच्यासारखेच, खातात पितात, वयाने वाढतात, आजारी पडतात. तो मरून परत उठला तरच कळतं. म्हणजे बघा, ज्याला स्वतःलाच माहीत नाही असा अजिन शेजारच्या घरात राहत असेल, ऑफिसात बाजूला बसत असेल, आणि तो आयुष्यात एकदाही मेलेला नाही म्हणून कुणालाच पत्ता नाही. सरकारने नोंदवलेला आकडा म्हणजे फक्त पकडल्या गेलेल्यांचा आकडा.

आपला हिरो केई नागाई असाच आहे. शाळकरी मुलगा, डॉक्टर व्हायचंय, इतका अभ्यासू की रस्त्याने चालतानाही पाठांतर चालू. त्याच दिवशी वर्गात अजिनबद्दल शिकवलेलं असतं, पोरांच्या गप्पा चालू असतात की पकडून दिला तर केवढा पैसा मिळेल वगैरे, आणि घरी जाताना रस्ता ओलांडताना केईला ट्रक उडवतो. उडवतो म्हणजे सिरीज अजिबात आडपडदा ठेवत नाही, तो चाकाखाली जातो, रक्त सगळीकडे, बरोबरचे मित्र जागच्या जागी थिजलेले. आणि मग ट्रकखालून आवाज येतो, एक हात बाहेर येतो आणि केई सरपटत बाहेर पडतो. युनिफॉर्म रक्ताने भिजलेला पण अंगावर ओरखडासुद्धा नाही. तो सगळ्यांकडे बघतो, सगळे त्याच्याकडे बघतात. कुणीही "तू ठीक आहेस ना" असं विचारत नाही. दोन मिनिटांपूर्वीचे मित्र, आणि त्यांच्या नजरेत तो आता माणूसच राहिलेला नाही. मला हा सीन पूर्ण सिरीजमधला सगळ्यात भीतीदायक वाटतो, त्या ट्रकपेक्षा जास्त ते चेहरे.

आता पहिला नियम. अजिन मेला की त्याचं शरीर पूर्ण दुरुस्त होऊन परत चालू होतं. इथे जोर "मेला की" यावर आहे. मेला नाही तर काहीही दुरुस्त होत नाही! पायात गोळी लागली तर तो लंगडणारच, हात तुटला तर रक्त वाहणारच, दुखतं तेवढंच जेवढं आपल्याला दुखेल. आपल्याकडे अमर म्हटलं की अश्वत्थामा आठवतो, कपाळावरची भळभळती जखम घेऊन युगानुयुगं तेल मागत फिरणारा, त्याला मरण नाही म्हणून जखमेतून सुटका नाही. अजिनचं बरोबर उलटं आहे. त्याला मरण येतं, हवं तितक्या वेळा येतं, आणि प्रत्येक मरणाबरोबर जखम धुऊन निघते.

याचा अर्थ काय होतो ते नीट लक्षात घ्या कारण पुढची सगळी ॲक्शन यावर उभी आहे. अजिनसाठी जखमी होणं हा प्रॉब्लेम आहे आणि मरणं हा त्यावरचा इलाज. फाईट चालू असताना अनुभवी अजिनला मांडीत गोळी लागली की तो काय करतो, तर शांतपणे पिस्तूल स्वतःच्या डोक्याला लावून चाप ओढतो, खाली पडतो आणि काही क्षणांत ठणठणीत उठतो. पहिल्यांदा बघताना धक्का बसतो. नंतर नंतर आपणच सीन बघताना म्हणायला लागतो की अरे आता मर ना लवकर, वेळ कशाला घालवतोयस.

मग अशा माणसाशी लढायचं कसं? गोळ्या घालून उपयोग नाही, उलट गोळी घालणं म्हणजे त्याला मदत करणं. म्हणून पोलीस आणि सरकारी टीमचं मुख्य हत्यार असतं बेशुद्धीचं इंजेक्शन असलेला डार्ट. मारायचं नाही, झोपवायचं. झोपला की बांधायचा आणि उचलून न्यायचा. आणि अजिनकडे याचं उत्तरही तेच, डार्ट लागला की औषध अंगात भिनायच्या आत स्वतःला संपवायचं, म्हणजे नवीन शरीरात औषधच नाही. तर इथली लढाई अशी आहे की एक बाजू समोरच्याला जिवंत ठेवायला धडपडतेय आणि दुसरी बाजू मरायला धडपडतेय. इतर सगळ्या ॲक्शनमध्ये असतं त्याच्या नेमकं उलट. हे एकदा डोक्यात बसलं ना, की अजिनमधली एकही फाईट गोंधळाची वाटत नाही, फक्त एवढंच बघायचं की आत्ता या क्षणी याच्याकडे मरायचं साधन हातात आहे का. पिस्तूल हातातून उडालं, हात दोरीने बांधले गेले, की आपल्या पोटात गोळा येतो.

इथून पुढे पहिल्या सीझनच्या शेवटाबद्दल लिहितोय, ज्यांना नकोय त्यांनी हा एक पॅराग्राफ सोडा. सातो नावाचा व्हिलन आहे, डोक्यावर टोपी, पांढरे केस, कायम हसरा, बोलायला एकदम मऊ, बघून वाटेल कुणाचे तरी आजोबा. हा माणूस सगळ्या देशाला आधी जाहीर सांगतो की मी ग्रँट फार्मा नावाच्या कंपनीवर हल्ला करणार, सरकार बिल्डिंगच्या आजूबाजूला बंदोबस्त लावतं, सगळ्यांच्या नजरा दारांवर. आणि सातो येतो आकाशातून, प्रवासी विमान पळवून ते सरळ बिल्डिंगवर घालतो, स्वतः आत बसून. दुसऱ्या कुठल्याही स्टोरीत हा आत्मघातकी हल्ला झाला असता आणि संपलं असतं. इथे तो फक्त त्याचा आत शिरायचा रस्ता आहे. ढिगाऱ्यात तो परत उठतो आणि मग पोलिसांची स्पेशल टीम त्याच्यावर तुटून पडते. आता ती टीम काही मूर्ख नाही हां, त्यांना सगळे नियम माहीत आहेत, डार्ट आहेत, संख्या आहे, ट्रेनिंग आहे. तरी सातो एकटा त्यांना कापत जातो कारण ते लोक मरायला घाबरतात आणि हा मरण वापरतो. जखमी झाला, मेला, उठला. डार्ट लागला, मेला, उठला. प्रत्येक वेळी त्याच्या समोरच्यांची संख्या कमी झालेली आणि तो पहिल्यासारखाच ताजा. त्याच्या बाजूने बघितलं तर हा व्हिडिओ गेम आहे, आणि सातो खरंच गेमवेडा दाखवलाय, त्याला राजकारण, अजिनांचे हक्क वगैरे कशाशी देणंघेणं नाही, अवघड लेव्हल खेळायला मिळतेय म्हणून तो खूष आहे.

दुसरा नियम जरा जास्त डोकं खाणारा आहे पण सगळी सिरीज याच्याभोवती फिरते. समजा अजिनच्या शरीराचे तुकडे झाले आणि तो मेला, तर परत तयार होताना कुठल्या तुकड्यापासून होणार? उत्तर आहे, सगळ्यात मोठ्या तुकड्यापासून. बाकीचे तुकडे जवळपास असतील तर ओढले जाऊन जोडले जातात आणि लांब असतील तर त्यांच्या जागी नवीन अवयव उगवतो, जुना तुकडा तिथेच मांसाचा गोळा म्हणून पडून राहतो. हात लांब राहिला तर नवीन हात. पाय राहिला तर नवीन पाय. ठीक आहे, कळलं.

आणि डोकं राहिलं तर?

डोक्यापेक्षा धड मोठं. म्हणजे अजिनचं मुंडकं कापून लांब नेलं तर धडाला नवीन मुंडकं उगवणार. त्याला आठवणी सगळ्या असणार, नाव विचारलं तर बरोबर सांगणार, आईला ओळखणार, कुणालाच फरक कळणार नाही. पण ते जे कापलेलं मुंडकं आहे, ज्यातून आत्तापर्यंत तू बघत होतास, विचार करत होतास, त्याचं काय? ते मेलं. कायमचं. जो उठला तो हुबेहूब तूच आहे पण तू नाहीयेस. म्हणजे अजिनला मरण नाही हे म्हणणं बाहेरून बघणाऱ्यासाठी खरं आहे, आतून बघणाऱ्यासाठी खरं असेलच असं नाही. केईला या एका गोष्टीची प्रचंड भीती आहे. तो गोळ्यांना घाबरत नाही, उंचावरून उडी मारायला घाबरत नाही, पण मुंडकं कापायची गोष्ट निघाली की तो हादरतो, आणि मला तो एकदम पटतो. यावर तासन् तास वाद घालता येईल. तसं बघितलं तर डोक्यात गोळी घालून घेतल्यावरही मेंदू नव्यानेच बनतो, मग तिथे तोच कसा आणि इथे दुसरा कसा? सिरीज यावर प्रवचन देत नाही. ती हा प्रश्न एका फाईटमध्ये घुसवते आणि हीच तिची खासियत आहे.

ती फाईट दुसऱ्या सीझनमधली, परत एकदा स्पॉयलर. केई आणि त्याची टीम एका सिक्युरिटी कंपनीच्या बिल्डिंगमध्ये सातोची वाट बघत बसलेत. सापळा जबरदस्त आहे, प्रत्येक दार, प्रत्येक लिफ्ट, सगळ्यावर लक्ष, विमान वगैरे प्रकारही परत चालणार नाही. केई सगळ्या शक्यता मोजून बसलाय. आणि सातो काय करतो, तर आपला एक हात कापून आधीच गुपचूप त्या बिल्डिंगच्या आत पोचवतो. मग बाहेर, लांब, लाकडाचा भुगा करणारं एक मशीन चालू करतो आणि त्यात स्वतःला झोकून देतो. आता नियम आठवा. शरीराचा पार चुरा झालाय, सगळ्यात मोठा तुकडा राहिला कुठला? बिल्डिंगमधला हात. त्या हातापासून पूर्ण सातो तयार होतो, सापळ्याच्या आत, एकही दार न उघडता. सिरीजने नवीन शक्ती वगैरे काही आणली नाही, जो नियम आपल्याला आधीच माहीत होता त्याच्यातूनच ही चाल काढली, आणि आपण कपाळावर हात मारतो की हे आपल्याला का नाही सुचलं.

पण चाल हुशार आहे यापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. केईच्या हिशोबाने बघितलं तर या चालीत सातो मेला, खरोखरचा मेला, कारण त्याचं डोकं त्या मशीनमध्ये गेलं आणि आत उठलाय तो दुसरा कुणीतरी. केई इतका हुशार असून त्याला ही शक्यता आधी दिसली नाही ती म्हणूनच, कारण हे कुणी करेल असं त्याला वाटणंच शक्य नव्हतं. सातोला मात्र त्याचं काहीच नाही. पुढचा सातो हाच गेम पुढे खेळेल, झालं तर मग. दोघांचं शरीर एकाच नियमाने चालतं, फरक फक्त एवढाच की एकाला स्वतःच्या "मी" ची किंमत आहे आणि दुसऱ्याला नाही, आणि लढाईत ज्याला किंमत नाही तो कायम एक पाऊल पुढे. हिरो आणि व्हिलनमधला फरक इतक्या स्वच्छपणे ॲक्शनमधून दाखवलेला मी तरी दुसरीकडे फार कमी बघितलाय.

बाकीचे नियम पटापट सांगतो. अजिनचा आवाज हे एक हत्यार आहे. तो विशिष्ट पद्धतीने किंचाळला की आजूबाजूची माणसं काही क्षण जागच्या जागी गोठतात, हलताच येत नाही. ट्रकच्या ॲक्सिडेंटनंतर केई घाबरून किंचाळतो तेव्हा सगळे पुतळ्यासारखे होतात ते यामुळेच. यावर उपाय साधा आहे, कानात बोळे. म्हणून सरकारी टीमचे लोक कान झाकून येतात.

आणि मग ते काळं भूत. याच्याने नवीन बघणाऱ्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ उडतो. काही अजिनांना, सगळ्यांना नाही, आपल्या शरीरातून एक काळी माणसासारखी आकृती बाहेर काढता येते, बँडेज गुंडाळल्यासारखं अंग, धारदार नखं, प्रचंड ताकद. सिरीजमध्ये याला आयबीएम म्हणतात, म्हणजे न दिसणारा काळा पदार्थ. कॉम्प्युटर कंपनीशी काही संबंध नाही. साध्या माणसाला हे दिसत नाही, अजिनांनाच एकमेकांचं दिसतं, मात्र अजिनच्या मनात एखाद्या माणसाबद्दल मारून टाकायची तीव्र भावना असेल तर त्या माणसालाही दिसू शकतं. हे ऐकायला अगदी अजिंक्य वाटतं ना, न दिसणारा, दगडासारखा मारेकरी? म्हणूनच त्याला मर्यादा घातल्यात. एकदा बाहेर काढलं की ५ ते १० मिनिटं टिकतं, दिवसातून साधारण एक-दोनदाच काढता येतं, आणि पाऊस पडत असेल तर निघतच नाही. म्हणजे आकाशात ढग आहेत का हा इथे फाईटमधला महत्त्वाचा मुद्दा होतो! कुणी आपलं भूत कधी खर्च केलं, कुणाचं शिल्लक आहे, हा हिशोब ठेवत बघायला जाम मजा येते.

केईचं भूत जरा वेगळं आहे. एकतर तो दिवसातून इतरांपेक्षा कितीतरी जास्त वेळा काढू शकतो, आणि दुसरं म्हणजे ते त्याचं ऐकत नाही. इतरांचं भूत हुकूम पाळतं, केईचं स्वतःच्या मर्जीने वागतं, बडबडतं, भलत्याच माणसावर धावून जातं. वर्षानुवर्षं त्याच्याकडे दुर्लक्ष झाल्याने असं झालंय असा खुलासा आहे. सोडलं की सोडलं, मग ते काय करेल ते देवालाच ठाऊक.

आता सरकार या लोकांना इतकं शोधतं कशासाठी? वरवर सांगितलं जातं की अजिनांना संरक्षण दिलं जातं. जपानमध्ये यासाठी आरोग्य मंत्रालयाच्या हाताखाली एक कमिटी आहे. आत काय चालतं, तर ज्याला कितीही वेळा मारता येतं असं शरीर मिळालंय म्हटल्यावर त्याच्यावर औषधं तपासायची, हत्यारं तपासायची, तुकडे करायचे, मेला की परत टेबलावर, परत पहिल्यापासून. कंपन्यांना फायदा, सरकारला फायदा. आणि कायद्याने तो माणूसच नाही म्हटल्यावर खुनाचा गुन्हा कुठून येणार. तानाका नावाचा अजिन हे सगळं भोगून बाहेर आलाय आणि सातोबरोबर उभा आहे, आणि खरं सांगतो, तानाकाचा राग बघून कितीतरी वेळा वाटतं की व्हिलनचीच बाजू बरोबर आहे. ग्रँट फार्मावरचा हल्लाही त्यामुळेच नुसता काळा-पांढरा राहत नाही. सातोला मजा हवी आहे आणि तानाकाला न्याय, आणि दोघे एकाच गाडीत बसलेत.

या कमिटीतला मुख्य माणूस म्हणजे तोसाकी, चष्मा, सूट, चेहऱ्यावर एक रेष हलत नाही. पहिल्यांदा बघून त्याचा तिटकारा येतो. त्याची होणारी बायको कोमात हॉस्पिटलमध्ये पडलीय आणि तिचे उपचार चालू राहायचे तर ही नोकरी टिकली पाहिजे, हे कळल्यावरही तिटकारा जात नाही पण त्याच्याकडे बघायची नजर बदलते. त्याची बॉडीगार्ड शिमोमुरा ही स्वतःच लपवलेली अजिन आहे. म्हणजे अजिनांना पकडणारा माणूस स्वतःच्या जिवासाठी एका अजिनवर अवलंबून. तो तिच्याशी अतिशय कोरडेपणाने वागतो आणि तरी ती त्याच्यासाठी परत परत मरते. या दोघांमध्ये जे आहे त्याला सिरीजने कुठलंही नाव दिलेलं नाही, आणि न देऊन फार चांगलं केलंय.

केई पण टिपिकल हिरो नाही. बऱ्याच जणांना तो आवडत नाही, मला माहितीये. थंड, हिशोबी, स्वतःचं आधी बघणारा. काइतो हा त्याचा लहानपणीचा मित्र, त्याच्याशी केईने संबंध तोडलेले असतात कारण काइतोचे वडील गुन्हेगार होते आणि केईच्या घरी ते चालणार नव्हतं. आणि जेव्हा सगळा देश केईच्या मागे लागतो, पकडून दिला तर मोठं बक्षीस मिळतं अशी अफवा पसरलेली असते, तेव्हा तो फोन करतो कुणाला, तर त्याच काइतोला. आणि काइतो एक प्रश्न न विचारता मोटरसायकल घेऊन येतो. केई त्या मैत्रीच्या लायक आहे का, हा प्रश्न मला अजूनही सुटलेला नाही.

सातोने केईला आपल्या बाजूला ओढायला केलेला डाव पण सांगतो कारण तो पहिल्यांदा बघताना सुटून जातो. सातो आधी केईशी गोड बोलून जवळ येतो, मग स्वतःच त्याला बेशुद्ध करून सरकारच्या हवाली करतो, म्हणजे पोरावर प्रयोग होतील, त्याला माणसांचा भयंकर राग येईल, आणि मग आपण वाचवायला गेलो की तो आयुष्यभर आपला. प्लॅन तसाच चालतो, केईला अमानुष यातना होतात, सातो लॅबमध्ये घुसतो आणि त्याला सोडवतो. आणि बाहेर पडताना सातो तिथल्या कर्मचाऱ्यांना मारायला लागतो तेव्हा हा थंड, स्वार्थी, नुकताच शंभर मरणं भोगून आलेला पोरगा मधे पडून त्याला अडवतो. ज्यांनी त्याला कापलं त्यांना वाचवण्यासाठी. का, ते तो स्वतःही धड सांगू शकत नाही. सातोचा हिशोब तिथे पहिल्यांदा चुकतो.

ॲनिमेशनबद्दल बोलायलाच हवं कारण तक्रार कायम तिथेच असते. अजिन पूर्ण थ्रीडी कॉम्प्युटर ग्राफिक्समध्ये आहे, हाताने काढलेल्या चित्रांसारखं दिसावं म्हणून त्याच्यावर सपाट रंग आणि ठळक सावल्या दिल्यात. पॉलिगॉनची हीच स्टाईल आहे. सुरुवातीला माणसं साधं चालतात बोलतात तेव्हा ती कडक, बाहुल्यांसारखी वाटतात, हे मान्य, मलाही खटकतं. पण ते काळं भूत याच पद्धतीमुळे इतकं भारी झालंय, त्याच्या अंगावरून सतत काळे कण उडत असतात, हे सगळं हाताने काढत बसायचं म्हणजे अशक्य काम. आणि फाईटमध्ये कॅमेरा बिल्डिंगमधून जसा फिरतो त्यामुळे कोण कुठे उभा आहे, किती लांब आहे हे स्पष्ट कळतं, जे या सिरीजला फारच गरजेचं आहे कारण इथे अंतरावरच सगळं ठरतं, तुटलेला हात जवळ आहे की लांब. दोन-तीन एपिसोड धीर धरा, डोळ्यांना सवय होते. आवाजासाठी मात्र जपानीतच बघा असं सुचवेन, केईला मामोरू मियानोंचा आवाज आहे आणि सातोला होचू ओत्सुकांचा, आणि ओत्सुकांनी ज्या प्रेमळ सुरात धमक्या दिल्यात त्याला तोड नाही.

कशापासून सुरू करायचं हे बरेच जण विचारतात कारण अजिनचे ॲनिमे पिक्चर पण आहेत, तीन. त्यातला पहिला २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये जपानच्या थिएटरमध्ये लागला, म्हणजे टीव्हीच्या आधी. पण गोष्ट तीच आहे, त्यामुळे टीव्हीवरची सिरीज बघितली तर पिक्चर सोडले तरी काही बिघडत नाही. २०१७ चा खऱ्या नटांचा पिक्चर आहे, ताकेरू सातो केई झालाय आणि गो आयानो व्हिलन सातो, स्टोरी खूप आवळलीय पण स्वतःला मारून परत उठायची फायटिंग खऱ्या माणसांवर कशी दिसते ते बघायचं असेल तर जरूर बघा, आधी नको, सिरीजनंतर. रक्त आणि यातना दोन्हीकडे भरपूर आहेत, लहान मुलांबरोबर बसून बघायची ही सिरीज नाही, आत्महत्येचे सीन सतत येतात म्हणून ज्यांना त्या विषयाचा त्रास होतो त्यांनीही लांब राहिलेलं बरं.

आणि शेवट बघून ज्यांची निराशा होते त्यांच्यासाठी, ॲनिमे संपला २०१६ ला आणि मांगा चालला २०२१ पर्यंत, त्यामुळे दुसऱ्या सीझनमध्ये स्टोरी स्वतःची वेगळी वाट धरते आणि साकुराईंनी लिहिलेला शेवट तिथे नाहीच. मांगा वाचणार असाल तर मधूनच उचलू नका, पहिल्या खंडापासून वाचा, कारण तिथला केई ॲनिमेपेक्षाही थंड आहे आणि तो समजला नाही तर त्याचे पुढचे निर्णय पटणार नाहीत.